सोळाव्या वर्षी पोटाचं ऑपरेशन: होकार कधी, नकार कधी?

‘डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून टाका. तिची खाला म्हणते, वाढत्या पोरीच्या पोटाला सुरी लावू नका. आम्ही ऐकायचं कुणाचं?’

कोकणातल्या एका अम्मीने काही दिवसांपूर्वी आम्हाला विचारलेला हा प्रश्न. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. अब्बा कुवेतमध्ये नोकरीला. मुलीची पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नाही. रात्री ती इतकी घोरते की धाकटा भाऊ उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जातो. सकाळी वर्गात बसल्या बसल्या डोळा लागतो. रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. वजन उतरवायला या घराने काय केलं नाही? भात बंद केला, गरम पाण्यात लिंबू-मध दिलं, कुणीतरी सांगितलेली महागडी पावडर आणली. सहा किलो उतरले आणि वर्षभरात नऊ चढले.

तिकडे कुवेतमध्ये अब्बांच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं असं ऑपरेशन झालं आहे, तो आता बारीक झाला आहे. त्यामुळे अब्बांचा होकार. इकडे खानदानात नकार. आणि मुलगी? तिला अजून कुणी नीट विचारलंच नव्हतं.

नाव-गाव आम्ही देत नाही, कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. जास्त वजनाच्या किशोरवयीन मुलांवर शस्त्रक्रिया करावी का, यावर जगभर गंभीर चर्चा चालू आहे. आपल्याकडे मात्र ती चर्चा एक तर रुग्णालयाच्या जाहिरातीत होते, नाही तर लग्नाच्या पंगतीत. दोन्ही ठिकाणी मुलाचं भलं मागेच राहतं. म्हणून आज हा विषय सविस्तर मांडतो आहोत.

चर्चा आत्ताच का पेटली?

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, मुलांच्या लठ्ठपणावर नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात दोन शिफारशी होत्या ज्यांनी एकच गदारोळ उठला. १२ वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांना वजनाची औषधं देण्याचा विचार करावा ही एक. आणि १३ वर्षांपुढच्या, अतितीव्र लठ्ठपणा असलेल्या मुलांना शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याचा मार्ग खुला ठेवावा ही दुसरी.

बातम्यांचे मथळे झाले, ‘तेराव्या वर्षी ऑपरेशन’. पण त्याच दस्तऐवजात आणखी एक गोष्ट ठळकपणे लिहिली होती, ती मथळ्यात आली नाही. उपचाराचा पाया म्हणून मुलाला आणि त्याच्या घरच्यांना मिळून, तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष भेटून मार्गदर्शन मिळावं, असं तिथे म्हटलं आहे. आहार, झोप, हालचाल, मन, घरातल्या सवयी, सगळ्यावर. आपल्याकडे किती कुटुंबांना २६ मिनिटं तरी मिळतात, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

दुसरं कारण आकड्यांचं. युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की ५ ते १९ वयोगटात जगात पहिल्यांदाच लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालं आहे, ९.४ टक्के विरुद्ध ९.२ टक्के. भारतात याच वयोगटातली सुमारे १ कोटी २५ लाख मुलं २०२२ मध्ये लठ्ठ होती, असं ‘लॅन्सेट’मध्ये २०२४ साली आलेल्या जागतिक अभ्यासात आहे. ज्या देशात अंगणवाडीतलं कुपोषण अजून संपलेलं नाही, त्याच देशाचा हा दुसरा आकडा आहे. एकाच मोहल्ल्यात, कधी कधी एकाच घरात, एक मूल सुकलेलं आणि एक मूल फुगलेलं दिसतं. दोघांचंही ताट बिघडलेलं आहे.

ऑपरेशनमध्ये नेमकं होतं काय?

‘पोटावरची चरबी काढतात’ असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा. चरबी काढणं ही वेगळी, सौंदर्याची शस्त्रक्रिया. इथे हात जठराला लागतो.

आज सर्वात जास्त होते ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. काढलेला भाग परत बसवता येत नाही. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराचा छोटासा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न काही भाग ओलांडून पुढे जातं.

दोन्हींत नुसती जागा कमी होते असं नाही. भुकेचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. त्यामुळे भूकच कमी लागते. हे समजून घेणं फार गरजेचं आहे. कारण अतितीव्र लठ्ठपणा असलेल्या मुलाला आपण सगळे मिळून ‘तोंडावर ताबा ठेव’ म्हणून झोडपतो, आणि त्याच्या शरीरात मात्र वजन उतरायला लागलं की भूक वाढवणारी यंत्रणा जोरात चालू होते. सहा उतरून नऊ चढले ते त्या मुलीच्या आळसाने नव्हे. तिचं शरीर तिच्याविरुद्ध लढत होतं.

होकाराच्या बाजूने काय आहे?

भावनेने नव्हे, पुराव्याने पाहू.

अमेरिकेत पाच रुग्णालयांनी मिळून १९ वर्षांपर्यंतच्या २४२ मुलामुलींचा पाठपुरावा केला. या अभ्यासाचं नाव टीन-लॅब्ज. ऑपरेशनच्या वेळी सरासरी वय १७, आणि बीएमआय सरासरी ५३. म्हणजे थोडी गुबगुबीत मुलं नव्हेत ही, गंभीर आजारी मुलं होती. तीन वर्षांनी त्यांचं वजन सरासरी २७ टक्क्यांनी कमी झालेलं होतं. ज्यांना टाइप-२ मधुमेह होता त्यांच्यातल्या ९५ टक्क्यांचा मधुमेह मागे हटला होता.

२०१९ मध्ये याच मालिकेतला पुढचा अभ्यास आला. बायपास केलेल्या किशोरांची तुलना बायपास केलेल्या प्रौढांशी केली. पाच वर्षांनी वजन दोन्ही गटांत जवळपास सारखंच उतरलं होतं. मात्र मधुमेह हटण्याचं प्रमाण किशोरांमध्ये ८६ टक्के आणि प्रौढांमध्ये ५३ टक्के निघालं. रक्तदाबाचंही तसंच, ६८ विरुद्ध ४१ टक्के. ‘मोठी झाल्यावर बघू’ असं आपण सहज म्हणतो. हे आकडे सांगतात की थांबण्यालाही किंमत असते. मधुमेह शरीरात जितका जुना होतो, तितका तो हटायला नकार देतो.

स्वीडनमध्ये तर १३ ते १६ वर्षांच्या ५० मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांना कडक देखरेखीखाली आहार आणि जीवनशैलीचे उपचार. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटाचा बीएमआय १२.६ ने उतरला, दुसऱ्या गटाचा अवघा ०.२ ने. स्वीडनसारख्या देशातल्या उत्तम देखरेखीतही या पायरीवरच्या मुलांना फक्त डाएटने फार काही साधलं नाही.

म्हणून खालाचा सरसकट नकार आम्हाला मान्य नाही. गंभीर आजारी मुलाला उपचार नाकारणं यात काही पुण्य नाही.

नकाराच्या बाजूने काय आहे?

आता नाण्याची दुसरी बाजू. तीही त्याच अभ्यासांतली आहे, आणि जाहिरातीत ती कधीच नसते.

टीन-लॅब्जमधल्या ५७ टक्के मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा तीन वर्षांत घसरलेला होता. १३ टक्के मुलांवर त्या काळात पोटाची आणखी एखादी शस्त्रक्रिया करावी लागली. २०१९ च्या तुलनेत पुन्हा ऑपरेशन करण्याची वेळ प्रौढांपेक्षा किशोरांवर जास्त आली, लोहाची कमतरताही त्यांच्यातच जास्त दिसली.

कारण समजायला अवघड नाही. जठर लहान झालं की खाणं कमी, शोषणही कमी. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. आयुष्यभर म्हणजे सोळाव्या वर्षापासून साठ-पासष्ट वर्षं. सतत उलट्या होत राहिल्या आणि थायमिन, म्हणजे बी-१ कमी पडलं, तर नसांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. हाडांची घनता कमी होऊ शकते, आणि हे वय नेमकं हाडं भरण्याचं. रोज गोळी घेण्यात किशोरवयीन मुलं किती नियमित असतात, हे घरात किशोर असलेल्या कुणालाही विचारा.

मनाचंही आहे. स्वीडनमधल्या किशोरांच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात वजन उतरलं, पण मानसिक उपचारांची गरज त्यासोबत उतरली नाही. वर्षानुवर्षं ऐकलेले टोमणे ऑपरेशन टेबलावर कापून निघत नाहीत.

आणि वेळ जाईल तसा परिणाम थोडा ओसरतोही. २०२४ च्या अखेरीस टीन-लॅब्जचे दहा वर्षांचे निष्कर्ष आले. बीएमआय सरासरी २० टक्क्यांनी कमी राहिला होता, आणि मधुमेह असलेल्यांपैकी ५५ टक्के जणांचा मधुमेह अजूनही दूरच होता. दहा वर्षांसाठी ही कामगिरी मोठीच. पण ‘एकदा केलं की कायमची सुटका’ हे वाक्य जो कुणी तुम्हाला सांगेल, त्याला हे आकडे दाखवा.

रियाधहून आलेला धडा

आखातात ही शस्त्रक्रिया आपल्यापेक्षा कितीतरी सर्रास होते. आपल्या भिवंडी-मुंब्य्रापासून रत्नागिरीपर्यंतच्या घरांत जे किस्से पोहोचतात ते बहुतेक तिथलेच, कारण निम्मी घरं आखाताच्या पगारावर उभी आहेत.

रियाधच्या किंग सऊद विद्यापीठातले शल्यचिकित्सक डॉ. आयद अल-कहतानी यांनी लहान मुलांवरच्या स्लीव्हचा जगातला सर्वात मोठ्यांपैकी एक अनुभव २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. ५ ते २१ वयोगटातले २,५०४ रुग्ण. मुलांची उंची वाढायची थांबत नाही, असं त्यांना आढळलं. त्याआधी २०१३ मध्ये रियाधमधल्याच दुसऱ्या एका चमूने अडीच वर्षांच्या एका मुलावर केलेल्या स्लीव्हचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्या बाळाचा बीएमआय ४१ होता, झोपेत श्वास अडत होता, वजनाने पाय वाकले होते. तरीही जगभरातल्या अनेक डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. अडीच वर्षांच्या मुलाची संमती कुणी आणि कशी घ्यायची, याचं उत्तर कुणाजवळच नाही.

आमच्या मते रियाधचा खरा धडा ऑपरेशनच्या संख्येत नाही, व्यवस्थेत आहे. तिथे एकाच छताखाली बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. कुवेतमधल्या सहकाऱ्याचा मुलगा बारीक झाला हे आपल्याला दिसतं. त्याच्यामागे दर तीन महिन्यांनी रक्त तपासणारा दवाखाना असतो, तो इथून दिसत नाही.

आपल्याकडे काय अडतं?

पहिली अडचण मोजपट्टीची. मोठ्यांचा बीएमआय तक्ता मुलांना लावायचा नसतो. वय आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळे आलेख वापरतात. इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी असे आलेख दिले आहेत. मोबाइलवर आकडा टाकून ‘पोर लठ्ठ’ ठरवू नका, बालरोगतज्ज्ञांकडून आलेखावर बघून घ्या.

शस्त्रक्रियेचा विचार कधी, याचा आंतरराष्ट्रीय निकष ढोबळपणे असा: बीएमआय ३५ च्या पुढे आणि सोबत मधुमेह, झोपेत श्वास अडखळणं, यकृतावर गंभीर सूज यांसारखा आजार, किंवा आजार नसला तरी ४० च्या पुढे. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीचा बीएमआय ४५ च्या आसपास येतो. म्हणजे आकड्यापुरतं पाहिलं तर ती निकषात बसते. चार-पाच किलो जास्त असलेली, वर्गात थोडी जाड दिसणारी मुलं या चर्चेतच येत नाहीत. त्यांच्यासाठी कुणी ऑपरेशन सुचवत असेल तर तिथून सरळ उठून घरी यावं.

दुसरी अडचण पैशांची. खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा दावा मान्य व्हायला रुग्ण १८ वर्षांचा किंवा मोठा असावा लागतो. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीसाठी विमा बहुधा हात वर करणार. मग दागिने मोडा, कर्ज काढा, अब्बांनी दोन वर्षं सुट्टीवर येऊ नये. आणि सगळा पैसा ऑपरेशनच्या दिवशीच संपला तर पुढची साठ वर्षं गोळ्या, तपासण्या, आहारतज्ज्ञांच्या फेऱ्या कशातून करायच्या?

तिसरी अडचण अंतराची. ऑपरेशन मुंबई-पुण्याला, घर खेड-चिपळूणला. रात्री अकरा वाजता मुलीला उलट्या सुरू झाल्या तर गावातल्या डॉक्टरला तिच्या पोटात काय बदललं आहे हे माहीत असेल का? ही साधी गोष्ट आहे, पण जिवाशी गाठ तिथेच पडते.

निकाहसाठी ऑपरेशन नको

आता थोडं कटू बोलू. वाचकांनी राग मानू नये.

आपल्यात मुलीच्या वजनाची चिंता बहुतेक वेळा तिच्या साखरेमुळे सुरू होत नाही, स्थळामुळे होते. ‘चेहरा चांगला आहे, जरा वजनाचं बघा’ असं एक वाक्य कुणी म्हणून जातं, आणि घर हादरतं. मुलगा १२० किलोचा असला तर तो ‘खात्यापित्या घरचा’. मुलगी तेवढीच असली तर संकट. हा दुटप्पीपणा आपलाच आहे, तो डॉक्टरांच्या माथी मारता येणार नाही.

घाईघाईने ऑपरेशन करून वर्षभरात निकाह लावायचा बेत जे करतात, त्यांनी एक वैद्यकीय गोष्ट जरूर जाणून घ्यावी. या शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. त्या काळात वजन झपाट्याने उतरत असतं, शरीरात पोषणाची ओढाताण असते, आई आणि बाळ दोघांनाही धोका. त्यात गंमत अशी की वजन उतरल्यावर बिघडलेली पाळी बरेचदा सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते. आता डोळ्यांसमोर आणा: नवं सासर, ऑपरेशनची गोष्ट लपवलेली, गोळ्या घ्यायची चोरी, दावतीत ‘अगं, एवढंसंच खातेस?’ म्हणून ताटात वाढलेली बिर्याणी, आणि सहा महिन्यांत ‘खुशखबर कधी?’ ही विचारणा. हे ऑपरेशन लपवून निभत नाही. जे लपवावं लागेल अशा कारणासाठी ते करूच नये.

रोजा आणि दीन

पुष्कळ पालक दबक्या आवाजात विचारतात, ‘हे जायज आहे का?’ आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणं आमचं काम नाही. ज्यांच्या इल्मवर तुमचा भरवसा आहे त्यांना जरूर विचारा. पण प्रश्न नीट विचारा. आजारावर इलाज आणि केवळ दिसण्यासाठी शरीरात बदल, यांत उलमा साधारणपणे फरक करतात. म्हणून ‘जाडी कमी करायचं ऑपरेशन चालतं का?’ एवढंच न विचारता डॉक्टरांचा कागद सोबत न्या: साखर किती, झोपेची तपासणी काय सांगते, डॉक्टर धोका किती मानतात.

रोज्याचंही असंच. ऑपरेशननंतर एका वेळी दोन-चार घोटच पाणी जातं, त्यामुळे दिवसभर थोडं थोडं पीत राहावं लागतं. पहिल्या काही महिन्यांत दिवसभर पाणी बंद ठेवणं घातक ठरू शकतं. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असतं. मग घरातल्या किशोरीला ‘रमजानमध्ये रोजा नाही?’ असं चार पाहुण्यांसमोर विचारू नका. रमजानपूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवा. गोळ्यांच्या कॅप्सूलमधल्या जिलेटिनची शंका असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. शंका मनात ठेवून गोळ्याच बंद करणं सर्वात वाईट.

आणि ती नवी इंजेक्शनं?

ऑपरेशन आणि डाएट यांच्यामध्ये आता तिसरा पर्याय आला आहे. अमेरिकेत सेमाग्लुटाइड हे इंजेक्शन डिसेंबर २०२२ पासून १२ वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांसाठी मंजूर आहे. भारतात टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शनं २०२५ मध्ये बाजारात आली. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे स्वस्त पर्यायांचा मार्ग मोकळा झाला.

काही मुलांसाठी ऑपरेशनच्या आधीची ही पायरी ठरू शकते. पण औषध थांबवलं की वजन परत चढतं, हा अनुभव आहे. आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणून मुलाला टोचायची ही वस्तू नव्हे. किशोरांच्या बाबतीत हा निर्णय बालरोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकतज्ज्ञांचाच.

मैदान कुठे आहे?

एवढं सगळं बोलून झाल्यावर एक गोष्ट राहते. मुलांना या टोकाला आणलं कुणी?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे: जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत किंवा शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेसमोर उभं राहून पाहा, काय काय लटकलेलं दिसतं. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, चांगलं झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएसटीच्या फेररचनेत गोड शीतपेयं ४० टक्क्यांत गेली, तेही ठीक. पण त्याच फटक्यात बिस्किटं, चॉकलेट, नमकीन ५ टक्क्यांवर उतरली. एका हाताने दार लावायचं आणि दुसऱ्या हाताने खिडकी उघडायची, असा हा प्रकार.

आणि खेळायचं कुठे? मुलांना गल्लीत तरी क्रिकेट मिळतं. मुलीला दहा-अकरा वर्षांची झाली की तेही बंद. शाळा, क्लास, घर, मोबाइल. मग सोळाव्या वर्षी तिला म्हणायचं, ‘चालत जा जरा.’ कुठे चालत जाऊ? आपल्या शिक्षणसंस्थांची मोठमोठी पटांगणं संध्याकाळी कुलूपबंद असतात. आठवड्यातून चार दिवस एक तास ती फक्त मुलींसाठी उघडली तर कुणाचं काय बिघडेल? याला ना सरकारचा निधी लागतो ना परवानगी.

आमचं मत

ऑपरेशन दोन तासांचं असतं, जबाबदारी साठ वर्षांची. ती जबाबदारी कोण आणि कशी उचलणार हे ठरल्याशिवाय होकार देऊ नये. आणि ते ठरलं असेल, आजार गंभीर असेल, बाकी उपाय मनापासून करून झाले असतील, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नकारही देऊ नये.

निर्णयाआधी पाच प्रश्नांची उत्तरं घरात बसून कागदावर लिहा. मुलाला नेमका कोणता आजार आहे आणि तो तपासणीत दिसला आहे का? कमीत कमी सहा महिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, अख्ख्या घराने मिळून प्रयत्न झाला आहे का? ऑपरेशन करणाऱ्या पथकात बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मनाचे डॉक्टर आहेत का? पुढच्या तपासण्यांचा पैसा आणि प्रवास कुणाच्या अंगावर? आणि शेवटचा, सर्वात महत्त्वाचा: मुलाला स्वतःला हे हवं आहे का? कायद्याने सही पालकांची लागते. पण जठर मुलाचं जातं.

त्या अम्मीला आम्ही हेच सांगितलं. तिने रात्री मुलीला जवळ बसवून विचारलं. मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘अम्मी, मला बारीक नाही व्हायचं. मला वर्गात झोप नको यायला.’

आता त्यांनी पुण्याला झोपेची तपासणी ठरवली आहे. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांची भेट, आणि मग निर्णय. अब्बा व्हिडिओ कॉलवर त्या भेटीला हजर राहणार आहेत. खालाही सोबत जाते आहे, म्हणाली, ‘मलाही दोन गोष्टी विचारायच्या आहेत.’ निर्णय काहीही होवो, यावेळी पहिला शब्द त्या मुलीचा असेल.